सोलरवरची रेडिओ साइट रोज रात्री बंद का पडते

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेकडीवर एक रिले पॉइंट (सिग्नल पुढे पाठवणारी जागा), दोन पॉइंट-टू-पॉइंट रेडिओ, एक छोटा स्विच, एक कॅमेरा. लाइटची लाइन जवळपास कुठेच नाही. २०० वॅटचं पॅनेल, पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीच्या मधला साध्या प्रकारचा चार्जर), १२ व्होल्ट ४० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणीची क्षमता) सील्ड लेड-अ‍ॅसिड बॅटरी, आणि रेडिओचे अडॅप्टर हाताशी होते म्हणून मध्ये छोटा इन्व्हर्टर. लिंक दिवसभर मस्त चालते, रात्री दोन-तीनच्या सुमारास जाते, सकाळी आठ-नऊला आपोआप परत येते, ढगाळ दिवस असला की संध्याकाळीच जाते. आणि विचारलंय की बॅटरी १०० एएचची टाकली तर प्रश्न सुटेल का.

नाही सुटणार. आणि हे मी एवढ्या ठामपणे सांगतोय कारण नेमकी हीच चूक करून लोक दुप्पट खर्च करतात. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी, नळाला जेवढं पाणी येतं तेवढंच वापरायला मिळणार, टाकी मोठी केली म्हणून नळाची धार वाढत नाही. तुमच्याकडे रोजची आवक खर्चापेक्षा कमी आहे. मोठी बॅटरी लावली तर पहिले एक-दोन दिवस बरं वाटेल (कारण ती चार्ज होऊन आलेली असते) आणि मग पुन्हा तेच, फक्त आता मोठी बॅटरी अर्धपोटी राहून खराब होणार.

आकडे मांडून बघू. रेडिओ ७ वॅटचा एक म्हणजे दोन मिळून १४, स्विच ४, कॅमेरा दिवसा ४ आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की ८, म्हणजे सरासरी ६. झाले २४ वॅट. हे फक्त उपकरणांच्या तोंडाशी. आता त्यामागे अडॅप्टर आहेत, ते साधारण ८५ टक्के कार्यक्षम धरले तर २८ वॅट झाले, त्यामागे इन्व्हर्टर, तो स्वतःच काही न चालवता ८-१० वॅट खातो आणि वर रूपांतराचं नुकसान वेगळं. बॅटरीतून बाहेर पडतात जवळपास ३९ वॅट. चोवीस तासाचे ९४० वॅट-अवर. आणि आवक किती? १२ व्होल्टवाल्या ३६ सेलच्या पॅनेलचं काम करायचं व्होल्टेज १८ च्या आसपास असतं, पण पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्याला सरळ बॅटरीच्या १३ व्होल्टवर ओढून बसवतो, करंट तेवढाच राहतो, म्हणजे २०० वॅटचे हातात येतात १४५ च्या आसपास. चांगल्या उन्हाच्या दिवशी साडेपाच तासाचं पूर्ण ऊन धरा (दिवसभराचं कमी-जास्त ऊन भर दुपारच्या उन्हाच्या तासांत मोजलं तर), धूळ-वायरचे १० टक्के वजा करा, ७१०-७२० वॅट-अवर. ७१५ भागिले ३९ म्हणजे अठरा-साडेअठरा तास. सकाळी साडेआठला सुरू झालेली साइट रात्री अडीच-तीनला बंद. तुम्ही सांगितलेली वेळ आणि हिशोब जुळतोय बघा, म्हणजे बॅटरी बिघडलेली असेल-नसेल तो पुढचा मुद्दा, मुळात जमाखर्चच बसत नाहीये. आणि हे सगळं चांगल्या दिवसाचं गणित आहे.

म्हणून पहिलं काम खर्च कमी करणं. पॅनेल नंतर, बॅटरी त्याच्याही नंतर. रिमोट साइटवर लोडमधला (म्हणजे चालणाऱ्या उपकरणांच्या खर्चातला) एक वॅट वाचला की चोवीस तासाचे २४ वॅट-अवर वाचतात, आणि त्याच्यामागे पॅनेल, बॅटरी, खांबावरचं वजन, वाऱ्याचा दाब, वर वाहून न्यायची मेहनत सगळंच कमी होतं.

इन्व्हर्टर काढून टाका. आजच. बॅटरी डीसी, रेडिओला लागतं डीसी, मग मध्ये डीसीचं एसी आणि एसीचं परत डीसी करायचं कशाला. रेडिओवर कुठलं पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच दिली जाणारी पॉवर) लागतं ते नीट वाचा, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. एक म्हणजे पॅसिव्ह पीओई, बहुतेक वेळा २४ व्होल्ट, त्यात विचारपूस काही नाही, जोडलं की व्होल्टेज जातंच. दुसरं ८०२.३एएफ किंवा एटी या मानकांचं, ४८ व्होल्टच्या घरातलं, तिथे आधी समोरचं उपकरण ओळखलं जातं आणि मगच पॉवर सुटते. एएफमध्ये पोर्टवर १५.४ वॅट, एटीमध्ये ३० वॅट, केबलमधलं नुकसान धरून उपकरणापर्यंत १२.९५ आणि २५.५. यांची अदलाबदल झाली तर एक तर उपकरण चालूच होत नाही किंवा विचारपूस न करणाऱ्या ४८ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवर २४ व्होल्टवालं लागलं की ते कायमचं जातं. १२ किंवा २४ व्होल्टवरून थेट पीओई देणारे डीसी-डीसी कन्व्हर्टर आणि डीसीवर चालणारे पीओई स्विच सहज मिळतात, चांगला घ्या, ८८-९० टक्के कार्यक्षमता मिळते. नुसत्या या एका बदलाने तुमचे ३९ वॅट २७ वर येतात.

मग स्विच. बऱ्याच आउटडोअर रेडिओला दुसरा इथरनेट पोर्ट असतो, त्यातून पुढच्या उपकरणाला डेटा आणि कधीकधी पॉवरसुद्धा देता येते. तसं असेल तर स्विचची गरजच नाही, ४ वॅट गेले आणि बिघडायची एक वस्तू पण गेली. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे रात्रभर खरंच हवेत का? साइटवर नजर ठेवायला एवढंच असेल तर हालचाल झाल्यावर दिवे लागतील असं करा नाहीतर बंदच ठेवा. रेडिओची ट्रान्समिट पॉवर पण बघा, सिग्नल भरपूर येत असेल तर थोडी कमी करा, फार वॅट वाचणार नाहीत पण शेजारच्या लिंकला त्रास कमी होतो, ते चांगलंच. एवढं करून उपकरणांचे १८ वॅट राहतात, कन्व्हर्टरचं नुकसान धरून साडेवीस, कंट्रोलरचा स्वतःचा खर्च धरून दिवसाचे ५०० वॅट-अवर. ९४० वरून ५०० वर आलो आणि अजून एक पॅनेल विकत घेतलेलं नाही.

एक गोष्ट मात्र नक्की करा, हे वॅट मीटर लावून मोजा, लेबलवरून धरू नका. लेबलवर कमाल आकडा असतो, २४ वॅटचा अडॅप्टर दिलेला रेडिओ प्रत्यक्षात ६-७ वॅट खातो, उलट काही कॅमेरे थंडीत हीटर चालू करतात आणि तिप्पट खातात. पूर्ण एक दिवस-रात्र मोजा, वॅट-अवरमध्ये. मी अजूनही प्रत्येक साइटचं सामान आधी टेबलावर जोडून २४ तास मीटरवर ठेवतो, आणि अजूनही दर वेळी काहीतरी नवीन दिसतं.

सोलर आणि टेलिफोन ही जोडी जुनी आहे बरं का. बेल लॅब्सने १९५४ मध्ये सिलिकॉनचा सोलर सेल दाखवला आणि पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अमेरिकस गावाजवळ ग्रामीण टेलिफोन लाइनवर तो लावून बघितला. ते जमलं यामागे ट्रान्झिस्टरचा मोठा हात होता, व्हॅक्यूम ट्यूबवाल्या उपकरणांची भूक त्या छोट्या पॅनेलने कधीच भागली नसती. लोड आधी खाली आला, मग सोलर चालला. क्रम तेव्हाही हाच होता.

आता पॅनेल. इथे लोक वर्षाची सरासरी धरतात आणि फसतात. सरासरीवर डिझाइन केलेली साइट वर्षातले काही महिने बंद राहणार हे ठरलेलंच. तुमच्या जागेचा सगळ्यात वाईट महिना शोधा आणि फक्त त्याच्यावर हिशोब करा. जगातल्या बहुतेक जागांसाठी महिनावार आकडे फुकट मिळतात, युरोपियन कमिशनचं पीव्हीजीआयएस आहे, नासाचं पॉवर आहे, अक्षांश-रेखांश टाकले की येतात. ते आकडे बघताना एक लक्षात ठेवा, वाईट महिना म्हणजे हिवाळाच असं नाही. विषुववृत्तापासून लांब असाल तर हिवाळ्यातले छोटे दिवस मारतात, पण जिथे पावसाळा लांब चालतो तिथे भर पावसाचा महिना सगळ्यात वाईट निघतो, आणि दोन्हीकडे पॅनेलचा कोन वेगळा लागतो. हिवाळा वाईट असेल तर अक्षांशात १०-१५ अंश मिळवून पॅनेल जास्त उभं करा, बर्फ पडत असेल तर ६०-७० अंशांपर्यंत न्या म्हणजे तो घसरून जातो. पावसाळा वाईट असेल तर ढगातून येणारा उजेड आभाळभर पसरलेला असतो, तेव्हा पॅनेल जास्त आडवं असलेलं चांगलं, फक्त १० अंशांच्या खाली जाऊ नका, पाणी आणि धूळ काठावर साठून राहते.

समजा वाईट महिन्यात रोज अडीच तासाचं पूर्ण ऊन मिळतं. गरमी, धूळ, वायर, कंट्रोलर, बॅटरीत घालताना होणारं नुकसान हे सगळं मिळून ०.७ चा गुणक धरा. अडीच गुणिले ०.७ म्हणजे १.७५, आणि ५०० भागिले १.७५ म्हणजे २८६ वॅट. पण हे फक्त रोजचं पोट भरायला, आणि इथेच बरेच लोक थांबतात. चार दिवस आभाळ भरलेलं राहिलं, बॅटरी खाली गेली, तर ती परत भरायची कशातून? त्या २८६ वॅटमधून रोजचाच खर्च भागतो, शिल्लक शून्य, बॅटरी महिनाभर तळाशीच पडून राहील. म्हणून वर २५-३० टक्के घ्या, साधारण ३७० वॅट. तरीही वाईट महिन्यातल्या साधारण दिवशी शिल्लक १५० वॅट-अवरच्या आसपासच पडते, आणि २००० वॅट-अवरचा खड्डा भरायला दोन आठवडे लागतात. मध्ये एखादा कडक उन्हाचा दिवस मिळाला तर एका दिवसात ८०० भरून निघतात. हे बघून मी तरी ४०० च्या पुढेच जाईन. पॅनेल हा या सगळ्यातला सगळ्यात टिकाऊ भाग आहे, पंचवीस वर्षं सहज चालतो, तिथे हात आखडू नका.

बॅटरीसाठी आधी किती दिवस उन्हाशिवाय काढायचे ते ठरवा. सहज जाता येत असेल तर तीन दिवस, दिवसभर चढून जावं लागत असेल तर पाच, आणि ज्या लिंकवर कुणाच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणजे बचाव पथक, पूर इशारा वगैरे, तिथे सात किंवा जास्त. चार दिवस धरले तर २००० वॅट-अवर प्रत्यक्ष वापरायला हवेत. लेड-अ‍ॅसिड अर्ध्याच्या खाली नेऊ नये, म्हणजे ४००० वॅट-अवरची बॅटरी, १२ व्होल्टवर ३३० एएच, शंभर किलोच्या आसपास वजन, वर कोण नेणार. लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला सगळे एलएफपी म्हणतात, ८० टक्के वापरली तरी चालते, म्हणजे २५०० वॅट-अवर, १२.८ व्होल्ट २०० एएच किंवा २५.६ व्होल्ट १०० एएच. तुमच्या जागेसाठी मी एलएफपीच सांगेन.

लेड-अ‍ॅसिडबद्दल वाईट बोलायचं नाहीये, स्वस्त आहे, सगळीकडे मिळते, थंडीत चार्ज होते. पण तिला पोट पूर्ण भरलेलं लागतं. दिवसेंदिवस अर्धवट चार्ज राहिली की प्लेटवर सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि क्षमता जाते ती परत येत नाही. तुमची ४० एएच आता बहुतेक त्याच वाटेवर आहे, कारण ती रोज तळाला जाते आणि पूर्ण कधीच भरत नाही. दुसरा शत्रू गरमी, २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून कंट्रोलरला बॅटरीच्या अंगाला लावायचा टेंपरेचर सेन्सर येतो तो खरंच लावा, पिशवीत ठेवू नका. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशाला साधारण २४ मिलिव्होल्टची दुरुस्ती लागते, म्हणजे ४५ अंशांना चार्जिंगचे १४.४ व्होल्ट १३.९ वर यायला हवेत, नाहीतर सील्ड बॅटरी आतून वाळून जाते. आणि कडाक्याच्या थंडीत रिकामी लेड-अ‍ॅसिड गोठून फुटते, भरलेली नाही गोठत.

एलएफपीचा एकच मोठा नखरा आहे, शून्य अंशांच्या खाली चार्ज करायची नाही, आत लिथियम धातू म्हणून साचतं आणि सेल कायमचा जातो. थंड जागा असेल तर कमी तापमानाला चार्जिंग तोडणारी बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट) किंवा हीटरवाली बॅटरी घ्या, आणि तो हीटर पण लोडमध्ये धरा.

कंट्रोलर एमपीपीटी घ्या, तो पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालवून पूर्ण पॉवर काढतो. पीडब्ल्यूएममुळे तुमचा पाव भाग पॅनेल फुकट जातोय हे वर आलंच, आणि मोठी घरावर लावायची पॅनेल घेतली तर एमपीपीटीशिवाय गत्यंतरच नाही. इथे एक हिशोब न चुकता करा. पॅनेलवर लिहिलेलं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही जोडलेलं नसतानाचं) २५ अंशांचं असतं, थंडीत ते वाढतं, अंशाला साधारण ०.३ टक्के. ३८ व्होल्टची दोन पॅनेल सिरीजमध्ये म्हणजे ७६, पहाटे उणे १० तापमान असेल तर ८४. ७५ व्होल्टचा कंट्रोलर पहिल्याच थंड सकाळी जाणार. १०० व्होल्टचा घ्या.

जोडायचा क्रम: आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट. बॅटरीशिवाय पॅनेल जोडलं तर कंट्रोलरला कळत नाही की सिस्टिम १२ ची आहे की २४ ची, आणि आउटपुटला भलतंच व्होल्टेज येऊ शकतं. हेच एलएफपीमध्ये आपोआप पण होतं, चार्जिंग चालू असताना बीएमएसने अचानक बॅटरी तोडली की क्षणभर व्होल्टेज उसळतं आणि लोड त्याच वायरवर असतो. माझा एक रेडिओ असाच गेला, कारण मी चार्जिंगचं व्होल्टेज लेड-अ‍ॅसिडच्या सेटिंगवर ठेवलं होतं आणि त्यातला इक्वलायझेशनचा (मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन सगळे सेल समान करायचा) टप्पा बंद करायचा राहून गेला. एलएफपीला इक्वलायझेशन पण नको आणि टेंपरेचर दुरुस्ती पण नको, दोन्ही बंद करा, आणि चार्जिंग १४.२ च्या आसपास ठेवा म्हणजे बीएमएसला मध्ये पडायची वेळच येत नाही.

आता लोड तोडायचं व्होल्टेज. कंट्रोलरमध्ये तोडायचं आणि परत जोडायचं असे दोन आकडे असतात आणि त्यांच्यात अंतर भरपूर हवं. लोड तुटला की बॅटरीचं व्होल्टेज आपोआप थोडं वर येतं, अंतर कमी असेल तर लगेच परत जुळतो, रेडिओ बूट व्हायला लागतो, व्होल्टेज पडतं, परत तुटतो. रात्रभर हे चालू राहिलं तर रेडिओचं फर्मवेअर बिघडायची भीती असते, आणि मग सकाळी ऊन आलं तरी लिंक येत नाही आणि तुम्हाला वर चढावं लागतं. लेड-अ‍ॅसिडला तोडायला ११.८ आणि जोडायला १२.८ असं काहीतरी ठेवा. साइट दोन तास उशिरा आली तरी चालेल, अर्धवट यायला नको.

व्होल्टेज २४ करा असं मी सांगेन, आणि कारण वायर. १२ व्होल्ट, ५ अँपिअर, २० मीटर लांब २.५ चौरस मिलिमीटरची वायर, जाऊन-येऊन ४० मीटर तांबं, त्यात १.४ व्होल्ट पडतात, ११ टक्के. तीच पॉवर २४ वर नेली की करंट निम्मा, पडतात ०.७, तीन टक्क्यांच्या आत. तुमचे रेडिओ २४ व्होल्ट पॅसिव्हवाले असतील तर आठ सेलच्या एलएफपीवरून ते थेट पण चालू शकतात, कन्व्हर्टरही नको, फक्त चार्जिंगच्या वेळी बॅटरी २८-२९ व्होल्टपर्यंत जाते तेवढं रेडिओला चालतं का ते त्याच्या कागदावर बघून घ्या. मोठ्या टेलिकॉमचं सामान घेतलं तर ते उणे ४८ व्होल्टचं असतं, म्हणजे प्लस अर्थला जोडलेला, आणि बरेचसे सोलर कंट्रोलर मायनस कॉमन असतात. ही दोन एकत्र अर्थ केली की सरळ शॉर्ट. तिथे आयसोलेटेड कन्व्हर्टर लावायचा, जुगाड नाही.

फ्यूज बॅटरीच्या टोकाला चिकटून, एका हाताच्या आत, आणि डीसीसाठी बनवलेला. घरातला एसीचा ब्रेकर इथे लावू नका, एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीमध्ये ती ओढली जाते आणि जळत राहते. एलएफपी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर देऊ शकते, त्यामुळे तेवढा करंट तोडण्याची क्षमता असलेलाच फ्यूज.

वीज पडणं हा टेकडीवरचा खरा प्रश्न. थेट पडली तर फार काही उरत नाही, पण नुकसान बहुतेक वेळा आसपास पडलेल्या विजेने वायरमध्ये तयार होणाऱ्या सर्जचं (अचानक उसळणाऱ्या व्होल्टेजचं) असतं, आणि ते टाळता येतं. खांब, पॅनेलची फ्रेम, पेटी, सर्ज अरेस्टर, सगळं एकाच अर्थ बिंदूला जोडा. दोन वेगवेगळे अर्थ खड्डे आणि त्यांना आपसात जोडलेलं नाही ही सगळ्यात वाईट मांडणी, कारण वीज जवळ पडली की दोन खड्ड्यांमध्येच हजारो व्होल्टचा फरक येतो आणि तो तुमच्या इथरनेट केबलमधून वाट काढतो. शील्डेड आउटडोअर केबल, लांब असेल तर दोन्ही टोकांना अरेस्टर, पॅनेलच्या वायरवर डीसी सर्ज प्रोटेक्टर, आणि अर्थची वायर जाड, सरळ, कमीत कमी वळणांची.

पेटीबद्दल. लेड-अ‍ॅसिड आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच बंद पेटीत ठेवू नका, सील्ड बॅटरी पण जास्त चार्ज झाली की हायड्रोजन सोडते आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगीवर पेटतो, शिवाय आम्लाच्या वाफेने पोर्ट हिरवे पडतात. पूर्ण बंद पेटी हवाबंद असते असं समजू नका, दिवसा तापते रात्री थंड होते, तेव्हा ती श्वास घेते आणि ग्लँडमधून (केबल आत येते त्या बुचातून) ओलावा आत ओढते. म्हणून खालच्या बाजूला पाणी अडवणारा पण हवा जाऊ देणारा व्हेंट, सगळ्या केबल खालून, आत येण्याआधी केबलला खाली एक झोल म्हणजे थेंब तिथेच गळतो. पेटी पांढरी, पॅनेलच्या मागच्या सावलीत. आणि भोकं बुजवा, मुंग्यांना गरम कोरडी जागा फार आवडते, एका साइटवर कंट्रोलरच्या टर्मिनलमध्ये पूर्ण वारूळ निघालं होतं, लाल-काळ्या वायर दिसत सुद्धा नव्हत्या.

सावली हा विषय छोटा वाटतो पण मी यात स्वतः हरलोय. भर उन्हाळ्यात पाहणी केली, आसपास एकही झाड आड येत नव्हतं, साइट उभी राहिली, हिवाळ्यात सूर्य खाली आला आणि समोरच्या कड्याची सावली दुपारी तीनपासून पॅनेलवर. सहा महिने सुरळीत चाललेली साइट रोज पहाटे जायला लागली आणि मी बॅटरीला दोष देत बसलो. पॅनेलमध्ये साधारण तीन बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून करंट पुढे नेणारे) असतात, एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी एक तृतीयांश पॅनेल बाद होतं. तुमच्या स्वतःच्या डिश अँटेनाची आणि खांबाची सावली पण मोजा, खांबावर पॅनेल खाली आणि डिश वर असेल तर हे हमखास होतं. वर्षभराचा सूर्यमार्ग दाखवणारी मोबाइल अ‍ॅप आहेत, जागेवर उभं राहून सगळ्यात छोट्या दिवसाची रेघ बघा.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात उपयोगाचं: साइट काय म्हणतेय ते दुरून दिसलं पाहिजे. बऱ्याच एमपीपीटी कंट्रोलरला आरएस-४८५ वर मॉडबस (वायरने आकडे वाचून घ्यायची सोय) असतो, एखादा कमी पॉवरचा बोर्ड लावून बॅटरी व्होल्टेज, पॅनेलची पॉवर, लोड, तापमान दर पाच मिनिटांनी लिंकवरून खाली पाठवा. रोजचा एकच आकडा बघायचा असेल तर सूर्य उगवायच्या आधीचा बघा. लेड-अ‍ॅसिड असेल तर लोडसह पहाटे १२.४ च्या वर असेल तर निवांत राहा, आठवड्यागणिक तो आकडा खाली सरकत असेल तर दोन-तीन आठवड्यांनी साइट जाणार आहे हे आजच कळतं, पॅनेल पुसायला किंवा फांदी छाटायला वेळ मिळतो. एलएफपीमध्ये हे व्होल्टेजवरून कळत नाही, ९० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत ते जवळजवळ सपाट असतं आणि मग एकदम कोसळतं, त्यामुळे तिथे शंट (करंट मोजायचा छोटा रोध) लावून आत-बाहेर गेलेले अँपिअर-अवर मोजणारा मीटर हवाच. सोबत एक रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) ठेवा जो रेडिओ काही मिनिटं पिंगला उत्तर देत नसेल तर त्याची पॉवर तोडून परत देईल, यामुळे माझ्या किती चढाया वाचल्यात ते मोजलेलंच नाही.

तर आता तुम्ही काय करायचं. या आठवड्यात इन्व्हर्टर काढून डीसी कन्व्हर्टर लावा आणि कॅमेऱ्याचे रात्रीचे दिवे बंद करा, बाकी काहीही विकत घेऊ नका. लोड २५ वॅटच्या आसपास येईल, दिवसाचे ६०० वॅट-अवर, आणि चांगल्या उन्हात तुमचं आहे ते पॅनेल ७०० देतं, म्हणजे आवक पहिल्यांदाच खर्चाच्या वर जाईल. तरीही पहाटे गेली तर त्या ४० एएचच्या बॅटरीत दम उरलेला नाही, खाली आणून पूर्ण चार्ज करून २ अँपिअरच्या लोडवर किती तास टिकते बघा, १५ च्या आत आटोपली तर ती बदलायची. मग पॅनेल आणि एलएफपीचे आकडे तुमच्या जागेच्या वाईट महिन्यावरून काढा. ते आकडे आणि २४ तासाचं मीटरचं रीडिंग इथे टाका, ऑर्डर करायच्या आधी मी बघून सांगतो.